वाढलेले आठ ठोके

१

डब्यात फितीच्या जागी उशीचा अभ्रा निघाला.

रविवारी सकाळी दहा वाजता, माझ्या लाँड्रीत, माझ्या डोळ्यांसमोर. टेपवाल्यांनी चपट्या पत्र्याच्या डब्याचं झाकण काढलं, आत बघितलं आणि परत लावलं. मग पुन्हा काढलं. दुसऱ्यांदा उघडल्यावर आतली वस्तू लाजून बदलणार होती जणू.

"मालकीणबाई," ते म्हणाले, "हे तुमच्याकडचं दिसतंय."

पांढरा, खळ दिलेला, चार घड्यांचा अभ्रा. माझ्याकडचाच होता. एकेचाळीस वर्षं मी ही लाँड्री चालवते. इथून आजवर एक रुमाल हरवलेला नाही. आणि आता हरवली ती काय, तर चार पोरींच्या दोन वर्षांच्या मेहनतीची फीत. अकरा गाणी.

पोरींच्या बँडचं नाव 'ओले कपडे'. मी म्हटलं होतं, असलं नाव ठेवाल तर लोक वाळत घालतील. हसल्या. माझ्या मागच्या वाळवणाच्या खोलीत सराव करतात म्हणून ते नाव. जागेच्या बदल्यात आठवड्यातून एकेक दिवस माझ्याकडे घड्या घालतात. त्यातली गाणारी ती माझी नात. गिटार तिची, गाणी लिहितेही तीच. जाड तारांची गिटार, ज्याला त्या बेस म्हणतात, ती वाजवणारी लांबी. दातांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे, माझ्या दारातून वाकून येते. कीबोर्डला मी पेटी म्हणायला लागले आणि ते नाव कीबोर्डवालीलाच चिकटलं. आणि ड्रम बडवणारी टिपरी. अंगानं काडी, पण हात चालायला लागला की माझ्या भिंतीचे पोपडे पडतात.

टेपवाले रेडिओवरून निवृत्त झालेले शेजारी. गाणी त्यांनीच त्यांच्या जुन्या मशीनवर भरली. त्यांचं म्हणणं, गाणं फितीवर उतरतं, कॉम्प्युटरवर नुसतं साठतं. नक्कल काढायला तयार नाहीत. नक्कल काढली की म्हणे आवाज एक पायरी खाली उतरतो. म्हणून फीत एकच. आणि दुपारी चार वाजता तबकडीवाली ती न्यायला येणार होती. ती छोट्या बँडच्या गाण्यांच्या तबकड्या, म्हणजे रेकॉर्ड काढते. आज फीत हातात पडली नाही तर नंबर गेला, पुढचा वर्षानं. आणि वर्षभरात या चौघी चार दिशांना जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

नात कपड्यांच्या गाठोड्यावर मटकन बसली. पेटीच्या डोळ्यांना धार लागली. लांबी खिडकीबाहेर बघत राहिली.

"परत वाजवू!" टिपरी म्हणाली, म्हणजे जवळजवळ ओरडलीच. "आत्ता. निदान शेवटचं गाणं तरी. चारपर्यंत होईल."

"आणि बाकीची दहा?" पेटी तिच्या अंगावर धावली.

"पोलिसांना सांगायचं का?" टेपवाल्यांनी विचारलं.

"काय सांगणार? गाणं पळालं म्हणून?" मी म्हटलं. "शटर खाली ओढा आणि चहा टाका. मी बघते."

फीत ठेवली होती रेशमी कपड्यांच्या कपाटात, कारण तिथे वाफ पोचत नाही. शनिवारी दुपारी साडेबाराला टेपवाल्यांनी स्वतःच्या हातानं ठेवली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. दोनला मी दुकान बंद केलं, आणि किल्ली वर नेऊन उशाखाली ठेवली. आज दहापर्यंत ती तिथेच होती.

म्हणजे फीत गेली ती त्या दीड तासात. आणि त्या दीड तासात खिळा कुठे आहे हे माहीत असलेली पाचच माणसं इथे होती. पाचही आत्ता माझ्यासमोर उभी होती.

२

एकेकाला इस्त्रीच्या टेबलाशी बोलावलं. इस्त्री हातात असली की समोरचा माणूस जरा सांभाळून खोटं बोलतो.

आधी टेपवाले.

"काल फीत ऐकवल्यावर मी घरी गेलो, तडक," ते म्हणाले. "पण एक गोष्ट सांगतो. शेवटचं गाणं चालू असताना ती बारकी..."

"टिपरी."

"हां. ती माझ्या मशीनवर पंजा टेकून काट्यांकडे बघत होती. चार काटे आहेत ना, एकेकीच्या आवाजाचा एकेक. सगळ्या पोरी ऐकत होत्या, ही बघत होती. गाणं संपलं तेव्हा चेहरा पांढराफटक. म्हटलं, पोरगी भारावली."

"तुम्हाला सगळ्या भारावलेल्याच दिसतात."

"तुम्ही सोडून," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. या माणसाचे सदरे मी अकरा वर्षं धुतेय. त्यांच्या मनात चोरी लपवायला जागाच नाही.

मग लांबी.

"आजी, मी एक वाजताच कामावर गेले. डॉक्टरांना विचारा."

"विचारीन. आणि गुरुवारी तुझ्या पँटच्या खिशात मला काय सापडलं, तेही सांगू?"

लांबी आणखी लांब झाली. खिसे बघणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे, त्याला कोणी चोंबडेपणा म्हणू नये. कागद दुसऱ्या गावच्या नोकरीचा होता. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून.

"कोणाला सांगितलं नाही अजून," ती हळूच म्हणाली. "आजी, म्हणूनच तर मला ही तबकडी हवी होती. मी जायच्या आधी. मी कशाला चोरू?"

बोलण्यात तथ्य होतं. जी जाणार, तिलाच आठवणीची सगळ्यात जास्त गरज.

मग टिपरी. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, तर ही उठून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. अलीकडे पोरगी अशीच झाली होती. तीन हाका मारल्याशिवाय ओ नाही. मागे एकदा मी झापलंही होतं, की बँड काढला म्हणजे कानांना तिकीट लागतं का तुझ्या? आणि माझ्याशी बोलते ती ओरडून, जसं काही मीच ठार बहिरी.

"काल घड्यांची पाळी तुझी होती. साडेबारा ते दोन कुठे होतीस?"

"इथेच, आजी! या टेबलापाशी! हलले नाही!"

"ओरडू नकोस. दुकानात कोण आलं होतं?"

"कोणीच नाही. मी एकटी होते."

तेवढ्यात शटरवर असे दणके बसले की टेपवाल्यांच्या कपातला चहा बशीत आला.

३

बाहेर वकीलबाई. फणा काढून.

"उद्या कोर्ट आहे माझं! काळा कोट द्या! काल दीड वाजता आले होते, चारदा घंटा वाजवली, हाका मारून घसा सुकला. दुकान सताड उघडं आणि आत चिटपाखरू नाही! असं चालवता का दुकान?"

"दुकान कसं चालवायचं ते तुमचा कोट सांगेल," मी म्हटलं आणि कोट काढून दिला. त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. त्या गेल्या. पण त्या बोलल्या ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

पेटीनं टिपरीकडे बघितलं. "तू तर म्हणालीस हलले नाही."

"नाहीच हलले."

"मग त्या काय स्वप्नात आल्या होत्या?"

"मला काय माहीत! कोणी आलं नाही म्हणजे नाही!"

"तू दुकान उघडं टाकून गेलीस," पेटी म्हणाली, "आणि कोणीही येऊन फीत उचलली. हेच झालंय. सांगून टाक ना!"

नातीनं मध्ये पडायला तोंड उघडलं, तर पेटी तिच्याकडे वळली. "तू गप्प बस. कालपासून तुझंही डोकं फिरलंय."

हे मला ठाऊक होतं. काल साडेबाराला मी वर जात होते तेव्हा मागच्या खोलीत या दोघींची जुंपली होती. पेटी ओरडत होती, "ते कापलंस तर मी बँड सोडीन." काय कापायचं होतं ते मला कळलं नव्हतं. आता विचारलं.

"शेवटच्या गाण्याचा शेवट," नात म्हणाली. "कोटाचं गाणं, आजी."

ते गाणं मला माहीत आहे. माझ्याच दुकानाचं आहे. कोणी न नेलेला एक कोट खुंटीला लटकलाय, आणि एक बाई दर रविवारी त्याला ब्रश करून ठेवते, उद्या येईल नेणारा म्हणून. ती बाई कोण ते नात सांगत नाही. मीही विचारत नाही.

"गाणं एकदम तुटतं," नात म्हणाली. "शुक्रवारी भरताना मला तसं अचानक सुचलं. मी गिटारची मान वर केली, तो आमचा थांबायचा इशारा. आम्ही तिघी थांबलो. आणि त्या शांततेत टिपरीनं एकटीनं आठ ठोके दिले. जसं कोणीतरी दार वाजवतंय. कोटवाला आलाय! माझ्या अंगावर काटा आला. मला त्यावर एक ओळ गायची होती, तेवढ्यासाठी थोडं कापायचं."

"आणि मी म्हटलं, त्या ठोक्यांना हात लावायचा नाही," पेटी म्हणाली. "ते एकटेच हवेत. अख्ख्या फितीत तेवढीच एक जागा खरी आहे."

"हे तुम्ही टिपरीला सांगितलंत?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "तिला काय सांगायचं? तिनंच तर वाजवलेत."

मी टिपरीकडे पाहिलं. ती मागे, टोपल्यांशी उभी होती. तीन पावलांवर. आणि आमच्या बोलण्यातलं एक अक्षर तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं नव्हतं.

४

मी परत डब्यातल्या अभ्र्याकडे वळले. कपडा खोटं बोलत नाही.

कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची खूण होती. हिरवा दोरा म्हणजे गेस्टहाउस. गेस्टहाउसचे अभ्रे काल एक वाजता सुकून आले. नातीनं टोपली आणून टिपरीच्या टेबलावर ठेवली आणि पेटीशी भांडत बाहेर पडली. दोन वाजता मी खाली उतरले तेव्हा गठ्ठा बांधून फळीवर होता, वर चिठ्ठी: 'बेचाळीस'. टिपरीचं अक्षर.

गठ्ठा अजून तसाच होता. दोरी सोडली आणि मोजले. एक्केचाळीस. पुन्हा मोजले. एक्केचाळीस.

आता माझं डोकं चालायला लागलं, आणि ते चाललं की इस्त्रीपेक्षा जास्त तापतं.

वकीलबाई म्हणतात, दुकानात कोणी नव्हतं. पण एक्केचाळीस अभ्र्यांच्या घड्या काय भुतानं घातल्या? माझ्या हाताला ते पाऊण तासाचं काम, टिपरीच्या हाताला जवळजवळ तास. एक वाजता आले, दोनला बांधून तयार. म्हणजे दीड वाजता पोरगी टेबलाशीच होती, तेवढं खरंच बोलत होती. ते टेबल फळ्यांच्या मागे आहे, काउंटरवरून दिसत नाही. पण घंटा? ती तर दहा हातांवर आहे. वकीलबाईंनी ती चारदा दाबली आणि घशाला कोरड पडेपर्यंत हाका मारल्या. कोटासाठी एवढा फणा काढणारी बाई खोटी घंटा वाजवत नाही. म्हणजे त्याही खरंच बोलत होत्या.

दोघी खऱ्या. मग एकच गोष्ट उरते.

आणि ती सुचली तशी मी गठ्ठा खाली ठेवला. तीन हाका. बाजू बदलून बसणं. माझ्याशी ओरडून बोलणं. मशीनवर पंजा टेकून काट्यांकडे बघणं. ड्रमला बसताना चपला काढणं, आणि लांबीच्या बेसचा स्पीकर, तो खोका, आपल्या ड्रमखालच्या लाकडी फळीवरच ठेवण्याचा हट्ट. मी त्याला नखरे म्हणायचे.

अभ्रा कोणी काढला ते कळलं होतं. का काढला, तेही कळत चाललं होतं. फीत कुठे आहे तेवढंच बाकी होतं. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

"सगळ्या मागच्या खोलीत," मी म्हटलं. "कोटाचं गाणं वाजवा. आत्ता. मध्ये कोणी कशाला हात लावायचा नाही."

५

खोलीत शुक्रवारची मांडणी तशीच होती. एकीचा आवाज दुसरीच्या माइकमध्ये जाऊ नये म्हणून टेपवाल्यांनी माझ्या ब्लँकेटांचे पडदे टांगले होते. टिपरी एका बाजूला, बाकीच्या पलीकडे. बेसचा खोकाही तिच्या फळीवरून उचलून कोपऱ्यात नेला होता.

शुक्रवारी तिला ना नातीच्या गिटारचा इशारा दिसत होता, ना पायाखाली लांबीचा सूर लागत होता. त्या दिवशी ती अंधारात वाजवत होती, भर दुपारी.

मी तिच्या बाजूला उभी राहिले. गाणं सुरू झालं. टिपरीचे हात चालले, पण उजवा पाय जागेवर गोठलेला. मोठा ढोल पायानं वाजतो, आणि आज तो वाजतच नव्हता. त्या ढोलाच्या पोटात माझं जुनं ब्लँकेट कोंबलेलं असतं, आवाज घुमू नये म्हणून.

जिथे जीव अडकलाय तिथे माणूस लाथ मारत नाही.

"थांबा," मी म्हटलं. पडद्यापलीकडच्या तिघी थांबल्या. टिपरी वाजवत राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबली.

"तुम्ही तिघी आणि टेपवाले, दुकानात जा. सकाळच्या कपबशा विसळा आणि मी हाक मारेपर्यंत येऊ नका."

त्या गेल्यावर मी तिच्या उजव्या कानाशी स्टूल ओढलं.

"या बाजूनं बरं ऐकू येतं ना?"

तिच्या हातातली एक काडी गळून पडली.

"कधीपासून?"

"डावा वर्षभर," ती म्हणाली. आता ओरडली नाही. "उजवा तीन महिने झाले. आजी, कोणाला सांगू नका. काल फीत लावली तेव्हा मी काटे बघत होते. शेवटी तीन काटे झोपले. आणि माझा एकटा उड्या मारत होता. आठ वेळा. गंभीर माणसांत एकटीच हसल्यासारखा. मला कळलंच नव्हतं त्या थांबल्यात ते."

"म्हणून फीत उचललीस."

"फक्त शेवटचं गाणं परत वाजवायचं होतं. मग फीत सापडली असं दाखवणार होते. तबकडी निघाली की ते आठ ठोके कायमचे, आजी. सगळ्यांना कळलं असतं. बहिरीला बँडमध्ये कोण ठेवतं?"

ड्रम बडवण्यात हुशार, चोरीत ढ. मी ढोलाच्या भोकात हात घातला. ब्लँकेटच्या घडीत, अगदी नीट, फीत होती.

"डॉक्टरांकडे गेलीस?"

मान हलली. नाही.

"का?"

"ते म्हणतील, ड्रम बंद."

मला तिला जवळ घ्यायचं होतं, माझ्या तोंडून निघालं, "रड, पण ब्लँकेट धुतलेलं आहे, त्याला नाक पुसू नकोस." ती रडता रडता हसली. तीन महिने मी या पोरीवर खेकसत होते. दहा हातांवरची घंटा तिला ऐकू येत नव्हती, आणि मला समोरची पोरगी दिसत नव्हती. आमच्यात जास्त दोष कोणाचा, ते मी माझ्यापाशी ठेवते.

"मी कोणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "ते तुझं काम. पण आधी एक कर. त्या मशीनवर पंजा टेक, आणि या वेळेला काटे बघायचे नाहीत. त्या तिघींची तोंडं बघायची."

६

हाक मारली. फीत बघून लांबीनं टेपवाल्यांना उचललं, जमिनीपासून वीतभर. कुठे सापडली ते विचारायचं नाही, असं मी सांगून टाकलं.

कोटाचं गाणं लावलं. नातीचा आवाज, पेटीचे सूर, मग ते तुटणं. आणि त्या शांततेत ते आठ ठोके.

पेटीचे डोळे मिटलेले, नातीचे ओठ मोजत होते, लांबीच्या हातावरचा काटा मला इथून दिसत होता. टिपरी एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. पाण्यातून वर आलेल्या माणसासारखी.

"तुम्हाला हे... आवडलं?"

"आवडलं?" पेटी म्हणाली. "यावरून कालपासून आमची डोकी फुटायची वेळ आलीय!"

मग टिपरीनं सांगितलं. सगळं, स्वतः, उभं राहून. कानाचं, काट्यांचं, अभ्र्याचं. सांगून झाल्यावर मान खाली घालून उभी राहिली.

पेटी पुढे झाली, वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आली. "म्हणजे ते तू मुद्दाम केलं नव्हतंस?"

"नाही."

"शी!" पेटी म्हणाली. "आणि मी तुला अख्खी रात्र थोर समजत होते."

पहिल्यांदा हसली ती टिपरीच. मग कोण हसतंय आणि कोण रडतंय ते वेगळं काढणं मलाही जमलं नाही, आणि मी एका नजरेत सुती आणि रेशमी वेगळं काढते.

"वर्षभर त्या गाण्याचा शेवट शोधत होते मी," नात म्हणाली. "माझी ओळ नको. ठोके एकटेच राहू देत."

"आमच्या डॉक्टरांच्या वरच्याच मजल्यावर कानांचे डॉक्टर आहेत," लांबी म्हणाली. "उद्या नऊला मी तुला घेऊन जाणार. आणि हो, मलाही काहीतरी सांगायचंय." तिनं नोकरीचं सांगितलं. पुन्हा रडारड. दर शनिवारी गाडी धरून येईन, अशी शपथ माझ्या इस्त्रीवर हात ठेवून घ्यायला लागली; म्हटलं, गरम आहे, तोंडानं घे.

टेपवाले उठले, बेसचा खोका कोपऱ्यातून ओढत आणला आणि टिपरीच्या फळीवर ठेवला. "माइकमध्ये आवाज शिरतो तर शिरू दे," म्हणाले.

बरोबर चारला तबकडीवाली आली. फीत घेतली, डबा हलवून बघितला, आत काय ते उघडून बघितलं नाही. मी तिला उघडायला लावलं.

तबकडी निघाली. डॉक्टरांनी ड्रम बंद केले नाहीत. उजव्या कानाला यंत्र दिलं, डाव्याचं काही खरं नाही म्हणाले. वाजवताना कान झाकायचे अशी ताकीदही दिली. आता चौघी कानांत बोळे घालून बसतात. टिपरी अजूनही अनवाणीच वाजवते.

आणि काउंटरवरची घंटा मी काढून टाकली. त्या जागी बटण आहे. दाबलं की घड्यांच्या टेबलावर लाल दिवा लागतो. लोक विचारतात, घंटेचं काय झालं? मी म्हणते, एकेचाळीस वर्षं ऐकून माझे कान किटले.

परवा वकीलबाई आल्या. सवयीनं चारदा बटण दाबलं. दिवा चारदा लागला, आणि फळ्यांमागून टिपरी ओरडली, "आले हो, आले! एकदाच दाबा, बल्ब जाईल!"